रक्ताचा वारसा आणि आपले कर्तव्य



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. मी विद्वान नाही. दहावीच्या परीक्षेला बसण्यापूर्वीच मला शाळा सोडावी लागली. पुढचे शिक्षण झाले ते कोळसाखाणीच्या फाटकावर, कामगार न्यायालयाच्या ओसरीत आणि रात्री वाचनालयाच्या दिव्याखाली. चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अपेक्षा असावी की मी कंत्राटी कामगारांविषयी किंवा किमान वेतनाविषयी बोलेन. मी सांगितले, "मला रक्तावर बोलायचे आहे." ते थोडे दचकले. तरीही त्यांनी मोकळेपणाने होकार दिला, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हा विषय मी हौसेने निवडलेला नाही. माझ्या हातून झालेली एक चूक मला हा विषय शिकवून गेली. म्हणून आधी ती चूक सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

१९९९ सालची गोष्ट. आपल्या जिल्ह्यात कोळसा वाहणाऱ्या एका कंत्राटदाराकडे दोन चालक होते. दोघेही आमच्या संघटनेचे सभासद. वय सारखे, पगार सारखा, खाणेपिणे सारखे, एकाच ढाब्यावर थांबणारे. कसल्याशा तपासणीत दोघांच्याही रक्तात एच.आय.व्ही.चा विषाणू सापडला. अहवाल गुप्त राहावयास हवा होता. तो आठ दिवसांत साऱ्या अड्ड्यावर फिरला आणि दोघांनाही कामावरून बंद करण्यात आले. त्यांतील एकाला आधीच ताप येत होता, वजन उतरत होते. २००२ साली तो गेला. मोफत औषधे सरकारने सुरू केली ती १ एप्रिल २००४ रोजी. तोपर्यंत तो थांबू शकला नाही. दुसरा मात्र ठणठणीत. वर्षामागून वर्षे गेली, त्याला साधी सर्दीसुद्धा झाल्याचे मला आठवत नाही.

आम्ही कंत्राटदाराशी भांडलो. पण कोणता मुद्दा घेऊन भांडलो? आम्ही म्हटले, "हा दुसरा माणूस पाहा, कसा धडधाकट आहे! याला का काढता?" मुद्दा पटला आणि त्या दुसऱ्याला काम परत मिळाले. आम्ही विजय मानला. त्या विजयाचा अर्थ मला पुष्कळ वर्षांनी कळला. आम्ही हक्काची बाजू मांडलीच नव्हती, आम्ही रक्ताची बाजू मांडली होती. ज्याचे रक्त घट्ट त्याला काम, ज्याचे पातळ त्याला रस्ता, हे तत्त्व आम्ही आमच्याच तोंडाने मान्य करून बसलो होतो.

चुकीचा दुसरा भाग याहून वाईट आहे. त्या दुसऱ्या चालकाला डॉक्टरांनी दर सहा महिन्यांनी तपासणीस बोलावले होते आणि घरी कोणती काळजी घ्यावी तेही बजावले होते. तो मला विचारावयास आला. मी नुकताच वर्तमानपत्रात एक लेख वाचला होता: काही माणसांच्या शरीरात हा विषाणू वर्षानुवर्षे डोके वर काढीत नाही. अर्धवट शहाण्याला जो आनंद होतो तो मला झाला. मी म्हणालो, "अरे, तू त्यांतलाच दिसतोस. तुझ्या रक्तातच ताकद आहे. कशाला दर सहा महिन्यांनी रोजी बुडवतोस?" त्याने ऐकले. जो आजारी नाही त्याच्यापासून दुसऱ्याला आजार कसा होईल, असे त्याने गृहीत धरले, आणि खरे सांगायचे तर मीही धरले होते.

२०११ साली त्याच्या बायकोला क्षय झाला. रक्त तपासले. विषाणू तिच्यापर्यंत पोहोचला होता, आणि तिच्या शरीरात त्याने थोड्याच वर्षांत जी पडझड केली होती ती नवऱ्याच्या शरीरात बारा वर्षांत झाली नव्हती. मी भेटावयास गेलो. ती मला एवढेच म्हणाली, "भाऊ, तुमाले त वाचता येत होतं ना?"

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी घरी आलो आणि पुन्हा वाचावयास बसलो. आज मी जे सांगणार आहे ते त्या वाचनातून आलेले आहे.

एकच विषाणू. नवऱ्याच्या शरीरात तो मांजरासारखा निजून राहिला आणि बायकोच्या शरीरात वाघ झाला. असे का व्हावे? कोणी म्हणेल नशीब, कोणी म्हणेल पूर्वसंचित. अड्ड्यावर तर स्पष्टच म्हणत, "जो गेला तो पापी होता." मग ती बाई कोणत्या पापाची धनी? तिने तर गावाची वेसही फारशी ओलांडली नव्हती.

उत्तराकडे जाण्याची एक वाट आपल्याच जंगलातून जाते, म्हणून त्या वाटेने जाऊ. चंद्रपूर व गडचिरोली, म्हणजे २६ ऑगस्ट १९८२ पूर्वीचा आपला एकच मोठा जिल्हा. साग, बांबू, मोह, तेंदू आणि डास यांचा हा मुलूख. भामरागड, एटापल्ली, धानोरा या बाजूस हिवतापाने किती घरे ओसाड केली ते येथे सांगावयास नको. आणि याच मुलखात दुसरा एक आजार आहे, सिकलसेल. आपल्यापैकी पुष्कळांच्या नात्यात तो असेल. सांधे ठणकतात, डोळे पिवळे होतात, रक्त कमी पडते, मूल वारंवार आजारी पडते.

हा आजार म्हणजे नेमके काय? आपल्या रक्ताला लाल रंग देणारे जे द्रव्य आहे, हिमोग्लोबिन, त्याच्या साखळीत १४६ मणी ओवलेले असतात. त्यांतील फक्त सहावा मणी बदललेला असतो. एवढ्या एका मण्याने लाल पेशी प्राणवायू कमी पडताच विळ्यासारखी वाकते व बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. बदललेला मणी आई व बाप या दोघांकडूनही आला तर मूल आजारी होते. एकाकडूनच आला तर माणूस वाहक ठरतो. तो सहसा निरोगी असतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या बाबतीत आजाराची शक्यता चारांत एक, वाहक होण्याची चारांत दोन आणि पूर्ण मोकळे सुटण्याची चारांत एक. हा हिशेब प्रत्येक खेपेला नव्याने मांडावा लागतो. पहिले मूल आजारी झाले म्हणून पुढची तीन सुटली असे होत नाही.

आता प्रश्न असा की इतका घातक मणी पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? मध्य भारतातील काही जमातींत शंभरांपैकी वीस-तीस माणसे त्याची वाहक आहेत. याचे उत्तर १९५४ साली अँथनी अ‍ॅलिसन या शास्त्रज्ञाने पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून दिले. ज्यांच्या अंगी हा मणी एकेरी असतो त्यांना घातक हिवतापापासून मोठे संरक्षण मिळते. हिवतापाचा जंतू वाहकाच्या लाल पेशीत शिरला की ती पेशी लवकर वाकते आणि शरीर तिला जंतूसकट बाहेर काढते. म्हणजे जंगलात जेथे डासांनी मुले मारली तेथे हाच मणी असलेली मुले जास्त वाचली, मोठी झाली आणि त्यांनी तो मणी पुढच्या पिढीस दिला. वाहकाला वाचविण्याची किंमत मात्र ज्याला तो मणी दुहेरी मिळाला त्याने मोजली. अशा दुहेरी मण्याच्या रुग्णाला हिवतापापासून अभय नाही. उलट हिवताप त्याला अधिकच जाचतो.

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. हा मणी गोंड, माडिया, परधान यांच्यात आहे, विदर्भातील इतर अनेक समाजांत आहे, तसाच तो आफ्रिकेत, अरबस्तानात आणि ग्रीसमध्येही आहे. तेव्हा ही कोणत्या जातीची खूण नव्हे. आपले पूर्वज कोणत्या जंगलात, कोणत्या डासांमध्ये राहिले आणि तरले, त्याची ही खूण आहे. पूर्वजांच्या लढाईचा तो व्रण आहे. व्रणाची लाज कशाला बाळगायची?

सिकलसेल आणि हिवताप यांची कथा मी एवढ्यासाठी सांगितली की तिच्यात तीन गोष्टी स्पष्ट दिसतात. एक, रोगाशी झुंजण्याची ताकद काही अंशी जन्मतः मिळते. दोन, ही ताकद फुकट मिळत नाही, कोणाला तरी तिची किंमत द्यावी लागते. आणि तीन, तिचा माणसाच्या गुणावगुणाशी काडीचा संबंध नाही. या तीन गोष्टी गाठीशी बांधून आता एच.आय.व्ही.कडे येऊ.

भारतात हा विषाणू प्रथम ओळखला गेला तो १९८६ साली, मद्रासेत, डॉ. सुनीती सोलोमन आणि डॉ. निर्मला सेल्लप्पन यांच्या कामातून. सुनीतीबाई मूळच्या मद्रासच्याच एका मराठी घराण्यातल्या, पूर्वाश्रमीच्या गायतोंडे. पुढे १९९२ साली पुण्यास भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था निघाली. हा विषाणू शरीरातील पांढऱ्या पेशींपैकी एका विशिष्ट जातीच्या पेशींत शिरतो. या पेशी म्हणजे शरीराच्या संरक्षणफळीचे जणू मुकादम. इतरांना कामाला लावणाऱ्या. हे मुकादमच मेले की फळी मोडते आणि मग क्षयासारखा कोणताही रोग आत येतो.

शरीर मात्र स्वस्थ बसत नाही. विषाणू शिरलेल्या पेशी हुडकून त्यांचा नाश करणाऱ्या दुसऱ्या पांढऱ्या पेशी असतात. त्यांना आपण मारेकरी पेशी म्हणू. पण भिंतीआड काय चालले आहे ते मारेकऱ्याला बाहेरून कळावे कसे? येथे मी खाणीतला दाखला देतो, कारण तो मला समजतो.

खाणीतून निघालेल्या कोळशाची प्रत ठरवावयाची असते. सारा कोळसा कोणी जाळून पाहत नाही. वॅगनीतून थोडा नमुना काढतात आणि त्यावरून निवाडा करतात. आपल्या शरीरातील जवळजवळ प्रत्येक पेशी असेच करते. आत जे काही तयार होत असेल त्याचे बारीक तुकडे, सुमारे नऊ मण्यांचे, ती एका छोट्या तबकात ठेवून बाहेरच्या भिंतीवर मांडते. मारेकरी पेशी फिरत फिरत ही तबके पाहत जातात. तबकात घरचाच माल असेल तर पुढे जातात, परका माल दिसला तर त्या पेशीचा निकाल लावतात. या तबकांना शास्त्रज्ञ एच.एल.ए. म्हणतात. फ्रान्समधील झाँ दॉसे यांनी १९५८ साली त्यांचा पहिला माग काढला व पुढे १९८० मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. तबकातला माल पाहूनच मारेकरी पेशी निवाडा करतात, हे १९७४ मध्ये डोहर्टी आणि त्सिंकरनागेल या जोडीने दाखविले. त्यांना १९९६ मध्ये तोच मान मिळाला.

आता मुख्य मुद्दा. ही तबके सगळ्यांची सारखी नसतात. सहाव्या गुणसूत्रावर त्यांचे साचे असतात. ए, बी आणि सी असे तीन मुख्य साचे, आणि प्रत्येक साचा एक आईकडून व एक बापाकडून. म्हणजे प्रत्येकाजवळ जास्तीत जास्त सहा प्रकारची तबके. पण साऱ्या मानवजातीत मिळून त्यांचे हजारो प्रकार आहेत. प्रत्येक प्रकाराच्या तबकाची खाच वेगळी, म्हणून तिच्यात बसणारा नमुना वेगळा. एकाचे तबक विषाणूचा हा कोपरा दाखविते, तर दुसऱ्याचे तो. मग कोणता कोपरा दाखविला यावरून लढाईचा रंग बदलतो.

कसा, तेही खाणीतच पाहू. भूमिगत खाणीत सगळा कोळसा काढीत नाहीत. छत तोलून धरण्यासाठी कोळशाचेच खांब राखतात. एच.आय.व्ही.चा विषाणू हा फसवणुकीत पटाईत आहे. तो स्वतःच्या नकला घाईघाईने करतो, त्यांत चुका होतात, आणि काही चुका त्याच्या पथ्यावर पडतात. तबक त्याचा जो तुकडा दाखवीत असेल नेमका तोच तो बदलून टाकतो, मग मारेकऱ्याला ओळख पटत नाही. तबकाने साध्या भिंतीचा तुकडा उचलला असेल तर ही बदली सहज खपते. पण बी-५७ आणि बी-२७ नावाची तबके आहेत, ती विषाणूच्या गाभ्याभोवतीच्या कवचातील असे तुकडे दाखवितात की जे त्या खाणीचे खांब आहेत. तेथे फेरफार करावा तर विषाणूचे स्वतःचेच छत खचते. मारेकऱ्याच्या हातून तो निसटतो, पण लंगडा होऊन निसटतो. अशा माणसाच्या रक्तात विषाणूची संख्या पुष्कळ काळ अल्प राहते. उलट बी-३५ची काही रूपे ज्यांच्याजवळ आहेत त्यांच्यात आजार लवकर बळावतो, असे आढळले आहे.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१० साली एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. औषधावाचून विषाणूला आवरून धरणारी ९७४ माणसे एका बाजूस आणि ज्यांच्यात आजार वाढत गेला अशी २,६४८ माणसे दुसऱ्या बाजूस. त्यांची सारी गुणसूत्रे चाळून पाहिली. फरक दाखविणाऱ्या तीनशेहून अधिक जागा सापडल्या, आणि त्या सगळ्याच्या सगळ्या सहाव्या गुणसूत्रावर, या तबकांच्या मुलखात निघाल्या. बारकाईने पाहता मुख्य फरक होता तो तबकाच्या खाचेतील मोजक्या मण्यांचा. सिकलसेलमध्ये एका मण्याने घडविले तसेच येथेही मोजक्या मण्यांनी घडविले.

आणखी एक गोष्ट १९९९ मध्ये दिसून आली, ती मला फार आवडते. ज्यांना आईबापांकडून वेगवेगळी तबके मिळाली, म्हणजे सहाच्या सहा निराळी, त्यांच्यात आजार सावकाश वाढला. ज्यांची तबके एकसारखी निघाली त्यांच्यात तो भरभर वाढला. आमच्या संघटनेत मी नेहमी सांगतो की एकाच गावच्या, एकाच जातीच्या माणसांची संघटना मालक सहज फोडतो. नाना तऱ्हेची माणसे एकत्र आली की ती फोडणे जड जाते. शरीराचेही तसेच दिसते.

युरोपात आणखी एक प्रकार सापडला आहे. विषाणूला पेशीत शिरण्यासाठी जी कडी लागते, सी.सी.आर.-५ नावाची, ती कडीच काही माणसांत जन्मतः तुटलेली असते. ही गोष्ट १९९६ मध्ये उघड झाली. उत्तर युरोपीय वंशाच्या शंभरांत सुमारे एकाजवळ ती दोन्हीकडून तुटलेली असते, आणि त्यांना या विषाणूची लागण क्वचितच होते. बर्लिन येथे टिमथी रे ब्राउन या रुग्णाला रक्ताचा कर्करोग झाला असता २००७ मध्ये अशाच दात्याची अस्थिमज्जा देण्यात आली आणि त्याच्या शरीरातून हा विषाणू नाहीसा झाला. आपल्याकडे ही तुटकी कडी जवळजवळ आढळतच नाही. तेव्हा तिची वाट पाहण्यात अर्थ नाही.

आता कोणी म्हणेल, "मग बी-५७वाला भाग्यवानच म्हणायचा!" थोडे थांबा. सिकलसेलने शिकविलेली दुसरी गोष्ट आठवा, ताकद फुकट मिळत नाही. याच विषाणूवर अबाकाविर नावाचे एक औषध आहे. बी-५७चा जो प्रकार आपल्याकडे आढळतो, तो असलेल्या पुष्कळांना या औषधाची जबर बाधा होते; ती जिवावरही बेतू शकते. म्हणून ते देण्याआधी या तबकाची तपासणी करावी असे जाणते डॉक्टर सांगतात. बी-२७चे तसेच. तेच तबक असणाऱ्यांत पाठीचा कणा बांबूसारखा ताठ होण्याच्या आजाराचे प्रमाण फार मोठे असते. जे शस्त्र एका शत्रूवर चालते ते दुसऱ्या वेळी घरातल्या माणसावरच उलटते.

शिवाय ही राखण कायमची नसते. विषाणू कधी कधी खचलेल्या छताला दुसरीकडून लाकडी टेकू लावतो आणि पुन्हा उभा राहतो. दहा-पंधरा वर्षे शांत राहिलेला माणूस मग एकाएकी आजारी पडतो. औषधावाचून विषाणूला अगदी मोजता न येण्याइतका दाबून धरणारी माणसे शंभरांत एकही भरत नाहीत. माणसामाणसांत विषाणूच्या संख्येचा जो फरक दिसतो, त्यांतील सुमारे पाव हिस्साच जन्मजात घडणीने उलगडतो. बाकीचा विषाणूची स्वतःची जात, वय, सोबतचे आजार आणि आणखी कित्येक कारणांत वाटलेला आहे. शास्त्र इतके सावध बोलते. मी मात्र वर्तमानपत्राच्या अर्ध्या स्तंभावर एका संसाराचा निवाडा केला होता!

त्या चालकाजवळ बी-५७ होते की बी-२७ की आणखी काही, मला माहीत नाही. कोणी तपासले नाही, आणि तपासण्याचे कारणही नव्हते. पण एवढे मात्र आता मला कळते की त्याची तबके त्याची होती, बायकोची तबके बायकोची. त्याच्याकडून विषाणू तिच्याकडे जाऊ शकत होता. त्याची तबके जाऊ शकत नव्हती. त्याच्या राखणदारांचा तिला काडीचा उपयोग नव्हता. रक्ताचा वारसा आईबापांकडून मिळतो. तो लग्नाने वाटून घेता येत नाही.

मग वाटून घेण्यासारखे काय आहे? औषध आहे. हा माझ्या आजच्या बोलण्याचा गाभा आहे. निसर्गाने जे शंभरांत एकालाही धड दिले नाही ते औषधाने सर्वांना देता येते. दिवसाला एक गोळी नियमाने घेतली की बहुतेकांच्या रक्तातील विषाणू मोजण्याच्या पातळीखाली जातो. आणि तो तसा राहिला तर शरीरसंबंधातून जोडीदारास लागण होत नाही, हे आता पक्के सिद्ध झाले आहे. या गोळीला तुमचे तबक कोणते, जात कोणती, बाप कोण, याच्याशी कर्तव्य नाही. पूर्वी पांढऱ्या पेशी ठराविक संख्येखाली गेल्या तरच औषध सुरू होई. २०१७ पासून नियम बदलला: लागण आढळली की औषध, मग माणूस कितीही धट्टाकट्टा दिसो. त्याच वर्षी आमच्या त्या चालकाने गोळी सुरू केली. त्याची बायको २०११ पासूनच घेत आहे. तिचा क्षय बरा झाला. दोघेही आज हयात आहेत आणि ती दरवर्षी तेंदूच्या हंगामात पानांचे पुडे बांधावयास जाते.

२०२३ च्या सरकारी अंदाजानुसार देशात सुमारे २५ लाख माणसे हा विषाणू घेऊन जगत आहेत, आणि राज्यांत सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे. आपल्या जिल्ह्यांत कोळसा, सिमेंट, आणि आता सूरजागडच्या डोंगरातले लोखंड वाहणाऱ्या गाड्यांची रांग रात्रंदिवस चालू असते. घरापासून महिनोन्‌महिने दूर राहणारी तरुण माणसे या गाड्या हाकतात. त्यांना उपदेश करणारे पुष्कळ भेटतात. तपासणीसाठी पगारी सुट्टी देणारा मात्र मला अजून भेटावयाचा आहे.

आता कायद्याचे दोन शब्द. माझा तो मूळ धंदाच आहे. मी १९९९ मध्ये "हा धडधाकट आहे" एवढाच मुद्दा मांडीत होतो, तेव्हा मला ठाऊक नव्हते की दोनच वर्षांपूर्वी, १९९७ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने अशाच एका हंगामी मजुराच्या बाजूने निकाल दिला होता: जो काम करू शकतो आणि ज्याच्यापासून इतरांना धोका नाही त्याला केवळ या विषाणूपायी काम नाकारता येणार नाही. त्याहून पुढचे पाऊल म्हणजे २०१७ चा एच.आय.व्ही. व एड्स कायदा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही. लागण आहे म्हणून भेदभाव करता येत नाही. माणसाच्या संमतीवाचून त्याचा अहवाल फोडता येत नाही. जेथे शंभर किंवा अधिक माणसे काम करतात तेथे तक्रार ऐकण्यासाठी अधिकारी नेमावा लागतो. तुमच्या कारखान्यात तो अधिकारी कोण आहे, हे उद्या सकाळी विचारा. सिकलसेलच्या रुग्णालाही २०१६ च्या कायद्याने अपंग व्यक्तीचे हक्क मिळाले आहेत, आणि १ जुलै २०२३ पासून त्याच्या तपासणीची राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. या तपासणीचे कार्ड लग्न जुळविताना दोन माणसांना शहाणे करण्यासाठी आहे. एखाद्या मुलीला नाकारण्यासाठी नव्हे.

मला एक भीती वाटते, ती बोलून दाखवितो. रक्ताची तपासणी दिवसेंदिवस स्वस्त होत आहे. उद्या एखादा मालक म्हणेल, "या मजुराचे रक्त मजबूत, याला खाणीत घ्या, त्याचे कमजोर, त्याला नको." १९९९ मध्ये आम्ही नकळत हेच बोललो होतो. जन्मावरून माणसाची किंमत ठरविण्याची विद्या या देशाला नवीन नाही. आणि ती झुगारून देण्याची गोष्टही या गावाला नवीन नाही. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच चंद्रपुरात आले होते, आणि जन्माने लादलेले कमीपण हजारो माणसांनी येथे उतरवून टाकले. जुने कमीपण टाकून आपण नवे, शास्त्राच्या भाषेतले कमीपण पांघरावयाचे काय? शास्त्र तसे सांगत नाही. शास्त्र सांगते की आज ज्याचे तबक दुबळे ठरले त्याचेच तबक उद्याच्या दुसऱ्या साथीत बळकट ठरू शकेल. म्हणून तर निसर्गाने हजारो प्रकार राखून ठेवले आहेत. यांतला कोणता श्रेष्ठ, हा प्रश्नच चुकीचा आहे.

रक्तात काय आले यावर आपला इलाज नाही. तपासणीचे केंद्र गावापासून किती दूर असावे, गोळी वेळेवर मिळावी की नाही, अहवाल गुप्त राहावा की अड्ड्यावर फिरावा, आजारी माणसाची रोजी राहावी की जावी, हे मात्र आपण ठरवितो. त्या पहिल्या चालकाला त्याच्या रक्ताने मारले असे म्हणून आम्ही मोकळे झालो. आज मी तसे म्हणत नाही. त्याच्या रक्ताने त्याला तीन वर्षे दिली होती. त्या तीन वर्षांत त्याला काम, अन्न आणि औषध देणे हे आपले काम होते. ते आपण केले नाही.

आणि त्या बाईचा प्रश्न. आता मी तिला एवढेच सांगू शकतो की, होय बाई, मला वाचता येत होते, पण पुरते वाचले नव्हते. आपण सर्व वाचणारी माणसे आहात, म्हणून तर एवढ्या उकाड्यात येथे येऊन बसला आहात. माझी विनंती इतकीच की जे वाचाल ते पुरते वाचा, आणि दुसऱ्याच्या संसाराविषयी सल्ला देण्यापूर्वी त्याला डॉक्टरकडे घेऊन जा. रोजी बुडाली तर ती भरून देण्यासाठी संघटना आहे.